सोकावोनचे सात जण

वळण संपलं आणि रस्त्यात बसलेल्या लामा जनावराएवढा एक धोंडा दिसला. त्याच्यामागे आणखी धोंडे होते, मग जळके टायर, आणि टायरांच्या धुरात माणसं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. देपोर्तिवो सोकावोन या फुटबॉल संघाची जुनी बस दोन हिसके खाऊन उभी राहिली.

"संपलं," पुढच्या बाकावरून प्रशिक्षक बाल्दिव्हिएसो म्हणाले. "साडेदहा वाजलेत. किती अंतर राहिलंय?"

"साठ किलोमीटर, प्रोफे," ड्रायव्हर म्हणाला. प्रशिक्षकांना सगळे प्रोफेच म्हणत. "सगळा घाट."

पोटोसीतला सामना तीन वाजता होता, हंगामातला शेवटचा. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायचा तर हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून संघ पहाटे ओरुरोहून निघाला होता. त्याच पहाटे पुढच्या वस्तीतल्या लोकांनी रस्ता अडवला होता.

आज जिंकण्याची गरज नव्हती. दोन गोलांनी हरले तरी सोकावोन वरच्या गटात राहणार होता. तीन गोलांनी हरला तर खाली जाणार होता, आणि खाली गेलेला गरीब क्लब सहसा पुन्हा वर येत नाही. त्यात नियम असा की जो संघ सव्वातीनपर्यंत मैदानात उतरणार नाही, तो तीन-शून्यनं हरला असं धरायचं.

सगळ्यात मागच्या बाकावर जर्सींच्या गाठोड्यावर हात ठेवून होनोराता चोके बसली होती. सत्तावन्न वर्षांची, घेरदार घागरा, डोक्यावर तपकिरी टोपी. एकतीस वर्षं ती या क्लबचे कपडे धूत होती, बूट सांभाळत होती, खेळाडूंची ओळखपत्रं कमरेच्या पिशवीत बाळगत होती. खेळाडू तिला मावशी म्हणत. तिनं खिडकीची काच पुसली आणि वस्तीच्या पाटीवरचं नाव वाचलं.

व्हिला एस्पेरान्सा. सोकावोन खाणीतली माणसं इथंच येऊन राहिली होती.

सोकावोन म्हणजे खाणीचा बोगदा. सत्तावीस साली त्या बोगद्यात काम करणाऱ्या अठरा माणसांनी हा क्लब काढला. दगडगोटे वेचून मैदान केलं, खाणीतल्या ट्रॉलीचे मोडके पाईप जोडून गोलचे खांब उभे केले. त्या अठरांत होनोराताचा बाप होता. पुढं क्लब देशाच्या पहिल्या गटात पोचला, पण मैदान तेच राहिलं. मग शहाऐंशी साली सरकारनं खाण बंद केली. हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली, आणि क्लबच्या संचालकांनी ठरवलं की गट टिकवायचा असेल तर शहरात जायला हवं. एका शनिवारी भर दुपारी ट्रक भरला. चषक नेले, बाकं नेली, पाईपचे खांबसुद्धा उपटून नेले. गोलची जाळी होनोरातानं स्वतःच्या हातानं घडी घालून ट्रकात ठेवली होती.

"मी जाऊन बोलतो," कप्तान एलिसेओ व्हिल्का उठला. तो बचावफळीच्या मधोमध खेळणारा उंच, शांत खेळाडू होता.

"थांब," बाल्दिव्हिएसो म्हणाले. "मी जातो. माणसंच आहेत, ऐकतील."

ते गेले आणि दहा मिनिटांत परत आले. त्यांच्या कोटावर ओली माती लागली होती.

"नाही ऐकत," ते खाली बसत म्हणाले. "बसवरचं नाव वाचलं आणि बिथरलेच. म्हणाले, पळून गेलेल्यांची बस आली. बायाबापड्या पायी चालल्यात त्या धोंड्यांमधून, त्यांना कुणी अडवत नाही. आपल्याला म्हणतात, तुम्ही चालतसुद्धा जायचं नाही. त्यांचा एक म्होरक्या आहे, म्हातारा, सारखा खोकतो. त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही, आणि तो तर माझ्याकडे बघायलाही तयार नाही."

"नाव काय त्याचं?" होनोरातानं मागून विचारलं.

"कासियानो म्हणत होते."

 होनोरातानं ओळखपत्रांची पिशवी चाचपली, गाठोडं शेजारच्या खेळाडूच्या मांडीवर ठेवलं आणि बसमधून उतरली.

"होनोराताबाई, तुम्ही कुठं निघालात? दगड मारतील!" बाल्दिव्हिएसो ओरडले.

"मारले तर मारले," ती म्हणाली. "मला ओळखून मारतील."

धोंड्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी बायका गोधड्या पांघरून बसल्या होत्या. मध्ये कापड पसरून त्यावर उकडलेले बटाटे, बाकल्याच्या बिया आणि चीज मांडलं होतं. पुरुष कोकाची पानं चघळत उभे होते. एका पोरगेल्या माणसाच्या हातात डायनामाइटची कांडी होती. ती तो अशी फिरवत होता जसं काही मक्याचं कणीस.

कासियानो कोल्के पिंपावर बसला होता. एकेकाळी तो सोकावोनचा गोलकीपर होता, आणि होनोराताच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता. त्या नात्यानं दोघं एकमेकांना कोम्पादरे, कोमादरे म्हणत. आता त्याचे गाल बसले होते. खाणीच्या धुळीनं छाती खाल्ली होती, चार शब्दांमागे त्याला थांबावं लागे. हात मात्र तसेच होते, फावड्यासारखे रुंद.

"बरे आहात ना, कोम्पादरे?" ती म्हणाली.

"बरा आहे, कोमादरे. जागेवरच आहे. तुम्ही गेलात तिथून फार लांब काही गेलो नाही मी."

बायका हसल्या. 

"पोरांना जाऊ द्या," ती म्हणाली. "बस राहू दे इथं. चालत जातील. यातल्या एकाचाही जन्म झाला नव्हता नीट, तेव्हाची गोष्ट आहे ती."

"कुठली गोष्ट?" कासियानोनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. "सांगा की. हे सगळे ऐकतायत. यांतल्या निम्म्यांना ठाऊक नाही."

होनोरातानं टोपी सरळ केली.

"मग मी सांगतो. शनिवारी ट्रक निघणार होता. मला सांगितलं होतं, कासियानो, तुझी जागा पक्की, बायकोला घेऊन ये. मी घर आवरलं. चूल शेजाऱ्याला दिली. फेलिपा आणि मी रस्त्याकडेला पेटीवर बसलो. सकाळी आठपासून." तो खोकला.  "ट्रक आला, आणि थांबला नाही. कोमादरे ट्रकात मागं बसल्या होत्या, गोलच्या जाळीवर. माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एवढं एकच विचारायचंय मला. एकवीस वर्षं झाली. तुम्हाला माहीत होतं?"

दूर रांगेत अडकलेल्या ट्रकांचे भोंगे वाजत होते. होनोराताला वाटलं, नाही म्हणावं. पोरं पलीकडे जातील, सामना होईल, क्लब वाचेल. म्हाताऱ्याला तरी कुठं कळणार आहे? तिनं तोंड उघडलं, आणि तिच्याच्यानं ते होईना.

"शुक्रवारी कळलं होतं," ती म्हणाली. "यादी मीच टाईप करणाऱ्याकडून आणली. तीस वर्षांच्या वरचं कुणी घ्यायचं नाही असं ठरलं होतं. तुम्ही एकतीसचे होतात."

"मग घर आमच्यापासून तिसरं होतं की तुमचं."

"मला म्हणाले, वाच्यता केलीस तर तूही इथंच राहशील. दोन पोरं होती पदरात. नवऱ्याचा पत्ता नव्हता. घाबरले मी. शुक्रवारी रात्रभर तुमच्या दाराशी येईन येईन म्हणत होते, आणि आले नाही. हे असं आहे."

"बाईला हाकला इथून!" मागून कुणीतरी ओरडलं. डायनामाइटवाल्यानं वात पेटवली आणि कांडी खालच्या ओढ्यात भिरकावली. धडाका झाला. होनोराता होती तिथंच उभी राहिली. माती टोपीवर पडत होती, तीही तिनं झटकली नाही.

कासियानो उठला. त्यानं त्या पोराकडे नुसतं बघितलं, आणि पोरानं उरलेल्या कांड्या अंगरख्यात घातल्या.

"आमच्या वस्तीत चार वर्षं नळ येणार, नळ येणार चाललंय," कासियानो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "रस्ता त्यासाठी अडवलाय. सरकारशी भांडण आहे. माझं भांडण या बाईशी आहे, ते माझं मी बघीन. दोन्हीची मिसळ करायची नाही. पायी जाणाऱ्याला आपण अडवत नाही असं सभेत ठरलंय. मग हेही पायीच जाणार आहेत."

लोकांत कुजबुज झाली. एका बाईनं मान डोलावली, मग दुसरीनं. पुरुषांनी नाखुशीनं हात वर केले. एवढं व्हायला बारा वाजून गेले.

"चालायचं," कासियानो होनोराताला म्हणाला. "धावायचं नाही. कुणी धावला तर पोरांना वाटेल पळतायत, आणि मग दगड आले तर मी जबाबदार नाही."

"आभारी आहे, कोम्पादरे."

"आभार नकोत. जा."

अठरा खेळाडू, प्रशिक्षक आणि होनोराता, बूट गळ्यात अडकवून एकामागे एक निघाले. अडवलेला रस्ता दोन किलोमीटरांहून लांब होता. दर पन्नास पावलांवर धोंड्यांची रांग, आणि रांगेशी माणसं.

"अरे बघा, चालतायत! बस विकून खाल्ली वाटतं!"

"गोलचे खांब आणलेत का परत?"

"ए उंच्या, तुझे खांब करून रोवू का इथं?"

एलिसेओनं मान वर केली नाही. एक बारका दगड गोलकीपर विल्मरच्या पाठीत बसला. तो दचकून पुढं झेपावणार तोच होनोरातानं त्याचं मनगट पकडलं. "चाल," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "चाल, राजा. पाऊल मोठं टाकू नकोस." तिला स्वतःला धाप लागली होती. त्या उंचीवर भराभर चालायचं तिचं वय उरलं नव्हतं. तरी तिनं विल्मरचा हात शेवटच्या रांगेपर्यंत सोडला नाही.

पलीकडे पोचले तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथं वाहनांची रांग असेल अशी आशा होती. होती एकच पांढरी स्टेशन वॅगन, काचेला तडा गेलेली. तिचा ड्रायव्हर, फाउस्तिनो नावाचा जाडा माणूस, बॉनेटवर बसून संत्रं सोलत होता.

"पोटोसी?" बाल्दिव्हिएसोंनी धापा टाकत विचारलं.

"पाच जण."

"आम्ही वीस आहोत!"

"मग मोठं संत्रं लागेल," फाउस्तिनो म्हणाला. "मागून एक विटांचा ट्रक वळणार आहे. रिकामा करून येतोय. पण तो कासव आहे, प्रोफे. साडेतीनच्या आत नाही पोचत."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी मटकन खाली बसलं. तेव्हा होनोराता बोलली.

"सात लागतात."

"काय?"

"सात जण मैदानात असले की सामना सुरू करता येतो. यादीत नाव असलं की बाकीचे मागून आत येऊ शकतात. सात जण पाठवा."

बाल्दिव्हिएसोंनी कपाळ चोळलं. "सात आणि ओळखपत्रं दाखवायला तुम्ही. आठ. फाउस्तिनो, आठ बसतील?"

"दोघं डिकीत. आणि दार उघडलं तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही."

"पुढचे दोन घेऊ," प्रशिक्षक म्हणाले, "एखादा गोल तरी..."

"गोल नकोय, प्रोफे," एलिसेओ म्हणाला. "वेळ काढायचाय. विल्मर, आम्ही चार बचाववाले आणि दोन दमदार. तुम्ही ट्रकनं या."

प्रशिक्षकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. स्वतःची शिट्टी काढून त्यांनी होनोराताच्या हातात दिली. शिट्टीचा सामन्यात काडीचा उपयोग नव्हता, पण त्या क्षणी दुसरं द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

घाटातला तो सव्वा तास होनोराता पुढं बसली होती, मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर शेजारी दाटून बसलेल्या एका खेळाडूचे पाय. मागं चौघे एकमेकांच्या मांडीवर, डिकीत दोघे. फाउस्तिनो एका हातानं गाडी चालवत होता आणि दुसऱ्यानं दर वळणावर छातीवर क्रॉसची खूण करत होता. एका वळणावर समोरून खडीचा ट्रक आला. गाडीची बाजू कड्याला घासली, आरसा तुटून पडला.

"गेला तर गेला," फाउस्तिनो म्हणाला. "मागं काय बघायचंय?"

"मावशी, किती वाजले?" डिकीतून आवाज आला.

"विचारू नकोस."

"पाय बधिर झालेत."

"चोळ. उतरल्या उतरल्या पळायचंय तुला."

तीनला चार मिनिटं कमी असताना त्यांनी कपडे बदलायची खोली गाठली. ट्रकवाल्यांना जेवढा वेळ मिळेल तेवढा मिळावा म्हणून थांबून, अगदी सव्वातीनला होनोरातानं पंचांच्या टेबलावर सात ओळखपत्रं ओळीनं मांडली.  पंचांनी कार्डं पाहिली, मैदानातल्या सात हिरव्या जर्सी पाहिल्या, आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाकावर कोण आहे तुमच्याकडून?"

"मी."

"प्रशिक्षक?"

"विटांच्या ट्रकात."

पंच हसले नाहीत. "सात आहेत. एक जरी कमी झाला, दुखापत असो की लाल कार्ड, सामना तिथं थांबेल आणि तुम्ही तीन-शून्यनं हरलात असं धरू. समजलं ना?"

"समजलं."

पहिला गोल सहाव्या मिनिटाला बसला. अकरा जणांपुढे सात म्हणजे फाटकी चाळणी. चेंडू डावीकडून आला, उजवीकडे गेला आणि विल्मर दोन्हीकडे पोचू शकला नाही. यजमानांचे प्रेक्षक टाळ्या वाजवत, हसत होते. "अरे, बाकीचे जेवायला गेलेत काय?" कुणीतरी ओरडलं. दुसरा गोल अठराव्या मिनिटाला, एलिसेओच्या पायाला लागूनच आत गेला.

आता एकाच गोलाचं अंतर उरलं होतं. आणखी एक गेला की एकवीस वर्षांपूर्वी शहरात येणं, त्याआधीची साठ वर्षं, बापाचे ते अठरा जण, सगळं एका आकड्यात संपणार होतं. होनोराता बाकावर बसू शकत नव्हती. रेषेलगत ती इकडून तिकडे चालत होती. चेंडू गोलकडे आला की तोंडावर टोपी धरायची.

तेविसाव्या मिनिटाला एलिसेओ कोसळला. कुणी धक्का दिला नव्हता. गाडीत दुमडून बसलेल्या त्याच्या दोन्ही पोटऱ्या वळल्या होत्या. पंचांनी खेळ थांबवला. होनोराता पाण्याची बाटली घेऊन आत गेली. तेवढं अंतर तिला त्या रस्त्यापेक्षा लांब वाटलं.

"मावशी, नाही होत," तो कण्हत म्हणाला. "बाहेर न्या मला."

"बाहेर गेलास तर सहा होतील."

"माहितेय. पण पाय..."

तिनं गुडघे टेकले आणि त्याच्या पोटऱ्या रगडायला लागली, जशी बापाची रगडायची, तो बोगद्यातून वाकून परतल्यावर. "पळू नकोस. उभा राहा नुसता. गोलसमोर धोंड्यासारखा उभा राहा, त्यांना वळसा घालू दे. तेवढं जमेल?"

"बाई, पुरे आता," पंच म्हणाले. "उठतोय की नाही?"

"उठतोय!" ती म्हणाली, "चष्म्याशिवाय दिसत नाही त्याला, हात देताय का?" पंचांनी गोंधळून हात पुढं केला, आणि एलिसेओ त्या हाताला धरून उठला. त्याला चष्मा कधीच नव्हता.

पुढची दहा मिनिटं तो लंगडत गोलसमोर उभा होता. दोनदा चेंडू त्याच्या छातीवर आदळला, एकदा तोंडावर. एक फटका खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा प्रेक्षकांतला ओरडा ऐकून होनोराताला वाटलं गोल झालाच. तिनं डोळे उघडले तर विल्मर चेंडू आणायला धावत होता.

चौतिसाव्या मिनिटाला फाटकापाशी गोंधळ झाला. लाल धुळीनं माखलेली माणसं आत घुसली, केसांत, भुवयांत विटांचा भुगा. बाल्दिव्हिएसो सगळ्यांत पुढं होते, एका पायात बूट नव्हता. होनोरातानं गाठोडं सोडलं. चौघांनी रेषेवरच शर्ट फेकून जर्सी चढवल्या. तिनं कार्डं दाखवली, पंचांनी खूण केली, आणि सोकावोन अकरा जणांचा झाला.

त्यानंतर सोकावोननं एकही चांगली चाल केली नाही. चेंडू मिळाला की प्रेक्षकांत मारायचा, एवढंच. दुसऱ्या सत्रात विल्मरनं तीन अवघड फटके अडवले. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर आला तेव्हा बाकावरचे सगळे पाठ करून उभे राहिले. फक्त होनोराता बघत होती. चेंडू उंच गेला, कुणाच्या तरी डोक्याला लागला, मागं गेला, आणि शिट्टी वाजली.

दोन-शून्य. हरले होते. बाल्दिव्हिएसो मैदानावर बसून लहान मुलासारखे रडत होते आणि एलिसेओ लंगडत त्यांना उठवायला चालला होता. होनोरातानं जर्सी गोळा केल्या आणि सात ओळखपत्रं पुन्हा पुन्हा तपासून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सगळे परत निघाले. रस्ता अजून बंद होता आणि बस पलीकडेच अडकली होती, म्हणून पुन्हा पायी. या वेळी कुणी दगड मारला नाही. रेडिओवर सगळ्यांनी सामना ऐकला होता.

कासियानो पिंपावरच होता. होनोराता त्याच्यासमोर थांबली, बाकीचे पुढं गेले.

"दोन खाल्ले," तो म्हणाला.

"सातच जण होते."

"दुसऱ्याला पोरानं आधीच बाहेर यायला हवं होतं. मी असतो तर एकच खाल्ला असता."

"असतातच तर," ती म्हणाली. 

तो ओढ्याकडे वळला. मग म्हणाला, "मी विसरणार नाही, कोमादरे. तसं समजू नका."

"नाही समजत."

बसचा भोंगा वाजला. एलिसेओ हाका मारत होता. होनोरातानं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "जर्सी भिजत घाला. साबण कमी टाका, रंग जातो. मी येते मागनं."

"कधी, मावशी?"

"यांना पाणी मिळालं की."

ती बायकांच्या कापडाशी जाऊन बसली. कुणी ये म्हटलं नाही, पण एकीनं सरकून जागा केली आणि तिच्यापुढं बटाटे लोटले. चौथ्या दिवशी, गुरुवारी, सरकारचा माणूस कागद घेऊन आला आणि नळाच्या कामावर सही झाली. तोवर होनोराता तिथंच होती. दिवसा धोंडे ढकलायला हात लावत होती. कासियानो तिच्याशी फारसं बोलला नाही. शुक्रवारी सकाळी ती ओरुरोला पोचली तेव्हा जर्सी कुणीतरी चुकीच्या साबणानं धुतल्या होत्या. ज्या पोरानं धुतल्या त्याला बोल लावत ती पुन्हा धुवायला बसली.